तांदळात लिहिलेलं नाव

कचेरीत कागदावरची तारीख कुणी फिरवली, भावकीत एकाचा निरोप दुसऱ्याला भलत्याच शब्दांत पोचवला, की आपण म्हणतो, ‘ध चा मा केला.’ म्हणताना डोळ्यांपुढे शनिवारवाडा नसतो, आनंदीबाई तर नसतेच. वाक्प्रचार वापरून गुळगुळीत होतो, त्यातली माणसं झिजून जातात. आरोप तेवढा दर पिढीला कोरा करकरीत मिळतो.

आनंदीबाईच्या बाबतीत मात्र एक चमत्कारिक गोष्ट झाली. आरोप राहिला, पण नाव विटलं नाही. कैकेयी किंवा मंथरा हे नाव आपल्याकडे कुणी लेकीसुनेला ठेवत नाही. आनंदी हे नाव मात्र ठेवत राहिले, आणि तेही ज्या घरांत नारायणरावाच्या खुनाची गोष्ट मुलं आजीच्या मांडीवर ऐकत, त्याच घरांत. १८७४ साली कल्याणच्या यमुना जोशीचं लग्न झालं आणि ती आनंदी झाली. १८९३ साली पुण्यात देवरुखच्या गोदू जोशीचं दुसरं लग्न झालं आणि तीही आनंदी झाली. पेशव्यांची आनंदी धरली तर या तीन. तिघींच्या नशिबात काही सारखेपणा नाही. पण तिघींचीही गोष्ट सांगू लागलं की कुठेतरी अक्षरापाशी येऊन अडते.

लग्नानंतर ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. मग साखर वाटून ते नाव सगळ्यांना सांगतात. हौसेचा, थट्टामस्करीचा प्रसंग. पण एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक नवऱ्या मुलींना ताटातलं ते नाव वाचता येत नसे. नाव स्वतःचं, आणि ते दुसऱ्याने वाचून दाखवायचं. आठ-नऊ वर्षांची मुलगी, माहेरची हाक मागे राहिलेली, पुढ्यात तांदळातल्या चार रेघा. त्यात भर म्हणून बाईच्या हाती लेखणी आली की नवऱ्याचं आयुष्य सरतं, असा पक्का समज. त्या समजाला दाखला हवाच असेल तर तो पुण्यात तयार होता: लेखणी हाती घेणारी एक बाई, आणि तिच्या एका अक्षराने पडलेला मुडदा.

ती गुहागरच्या ओकांची. राघोबादादाची पहिली बायको जानकीबाई १७५५ साली वारली आणि पुढच्याच वर्षी आनंदीबाई पेशव्यांच्या घरात आली. राघोबा म्हणजे थोरल्या बाजीरावाचा धाकटा मुलगा. उत्तरेत अटकेपर्यंत नाव गाजवून आलेला आणि पेशवाईच्या गादीने दर वेळी हुलकावणी दिलेला. पानिपतानंतर भाऊ नानासाहेब गेला तेव्हा गादी सोळा वर्षांच्या पुतण्याकडे, माधवरावाकडे गेली. काका-पुतण्याची भांडणं रणांगणापर्यंत पोचली. १७६८ साली धोडपला राघोबाचा पाडाव झाला आणि तो शनिवारवाड्यात नजरकैदेत येऊन बसला. १७७२ च्या नोव्हेंबरात माधवराव थेऊरला क्षयाने गेला. त्याच्या जागी धाकटा भाऊ नारायणराव आला, वय सतरा. काका पुन्हा तिथेच, पहाऱ्यात.

३० ऑगस्ट १७७३. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, वाड्यात गणपती बसलेले, दुसऱ्या दिवशी अनंतचतुर्दशी. वाड्यावरच्या भाडोत्री शिपायांचा, गारद्यांचा पगार थकला होता. दुपारी सुमेरसिंग गारदी आणि त्याची माणसं पगाराचा ओरडा करत वाड्यात घुसली. नारायणराव पळत राघोबाकडे गेला आणि त्याला मिठी मारून बसला. मधे पडलेला चापाजी टिळेकर मारला गेला, नारायणराव मारला गेला, वाड्यातली आणखी माणसं मारली गेली, एक गायसुद्धा. ‘काका मला वाचवा’ ही हाक त्या दुपारची. खरी असो वा मागाहून घातलेली असो, शनिवारवाड्याच्या भिंतींना ती कायमची चिकटली आहे.

पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली. दोषींची यादी पन्नासाच्या आसपास गेली आणि तिच्या टोकाशी राघोबा होता. शास्त्रीबुवांनी त्याला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडून वाईजवळच्या पांडववाडीला निघून गेले. इथपर्यंत गोष्ट एका पुरुषाच्या गुन्ह्याची आहे.

‘ध चा मा’ तिच्यात शिरतो तो असा. राघोबाने गारद्यांना जो हुकूम दिला त्यात ‘नारायणरावास धरावे’ असं होतं, आणि आनंदीबाईने ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात हा समज नोंदवला, म्हणजे खुनानंतर पन्नास वर्षांनी तो लोकांत चांगला मुरलेला होता. अक्षर बदललेला तो कागद मात्र कुणी पुढे आणून ठेवलेला नाही.

कागद नाही म्हणून आनंदीबाई निर्दोष, असा माझा दावा नाही. नवऱ्याला गादी मिळावी हे तिला वाटत नसेल, तर तीच नवलाची गोष्ट. पण या आख्यायिकेची घडण बघण्यासारखी आहे. एक तर ती राघोबाला अर्धा सोडवते. त्याने ‘धरावे’ लिहिलं, म्हणजे तो पुतण्याला नुसता कैद करायला निघाला होता. बिचारा! मारलं ते बायकोच्या अक्षराने. ज्या खुनासाठी रामशास्त्र्यांनी नवऱ्याला देहान्त सांगितला, त्याचा भार लोकांनी एक अक्षर आणि एक काना यांच्यावर टाकून दिला. दुसरं म्हणजे, ही गोष्ट चालायला बाई लिहिणारी लागते. मोडी वाचता येणारी, नवऱ्याच्या कागदाला हात घालू शकणारी, हस्ताक्षर जुळवू शकणारी. एरवी बाईचं शिकलेपण कुणी मोजत नसे. इथे मात्र तिच्या साक्षरतेचा पुरावा म्हणून खून दाखवतात.

तिची पुढची वर्षं वाक्प्रचारात येत नाहीत. खुनानंतर राघोबा गादीवर बसला, पण कारभाऱ्यांच्या गटाने, बारभाईंनी त्याला हटवलं. नारायणरावाच्या मागे गंगाबाईला पुरंदरावर मुलगा झाला आणि गादी त्या पाळण्यातल्या सवाई माधवरावाची ठरली. राघोबा इंग्रजांच्या आसऱ्याला पळाला. आनंदीबाईला दिवस गेले होते, तिला त्याने धारच्या किल्ल्यात ठेवलं. १० जानेवारी १७७५ रोजी तिथे तिला मुलगा झाला. हाच दुसरा बाजीराव. सालबाईच्या तहानंतर राघोबा कोपरगावला येऊन राहिला आणि १७८३ च्या डिसेंबरात वारला. आनंदीबाई तेव्हाही गरोदर होती. चिमाजी जन्मला तो बाप गेल्यानंतर. शेवटचे दिवस तिने नाशिकजवळ आनंदवल्लीला, नाना फडणिसांच्या नजरेखाली काढले. गावाचं नाव तिच्याच नावावरून. १७९४ साली ती वारली. दोन वर्षांनी तिचा तो धारचा मुलगा पेशवा झाला, ज्या गादीसाठी इतकं रामायण झालं त्याच गादीवर बसला आणि १८१८ मध्ये ती कायमची घालवून बसला.

आज नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरून जाताना आनंदवल्लीची पाटी दिसते आणि कुणाला काही आठवत नाही. रंगभूमीला ती बरोबर आठवली. खाडिलकरांनी १९०९ मध्ये ‘भाऊबंदकी’ लिहिलं, १९४४ मध्ये प्रभातचा ‘रामशास्त्री’ आला, त्यात ललिता पवार आनंदीबाई झाल्या. त्या चित्रपटानंतर महाराष्ट्राच्या मनातल्या आनंदीबाईला चेहराही मिळाला, आणि तो चांगलाच धारदार निघाला.

दुसरी आनंदी ही यमू. कल्याणच्या गणपतराव अमृतेश्वर जोशी यांची मुलगी, जन्म ३१ मार्च १८६५. वयाच्या नवव्या वर्षी तिचं लग्न पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळ विनायक जोशींशी झालं. ते संगमनेरचे, बिजवर, वयाने वीसेक वर्षांनी मोठे. माहेरचंही आडनाव जोशी, सासरचंही जोशी, त्यामुळे ते बदलायचा प्रश्न आला नाही. बदललं ते फक्त नाव. यमूची आनंदी झाली.

लग्नाला गोपाळरावांची अट एकच होती: बायकोला मी शिकवणार. गोपाळराव जोशी हा आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासातला सगळ्यात अवघड माणूस. त्यांना देव्हाऱ्यात बसवता येत नाही आणि फेकूनही देता येत नाही. पुढे १८९० मध्ये याच गृहस्थांनी पुण्यातल्या प्रतिष्ठितांना पंचहौद मिशनमध्ये बोलावून चहा-बिस्किटं समोर ठेवली आणि ज्यांनी तिथे पाऊल ठेवलं त्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. टिळक, रानडे, सगळेच त्यात अडकले. ग्रामण्य झालं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. समाजाच्या कपातलं वादळ बघत बाजूला उभं राहण्याची हौस असलेला हा माणूस. ही हौस त्यांनी घरात आधी भागवली होती.

म्हणजे ते आनंदीला शिकवत, हे खरंच. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असं बदल्यांच्या मागे बिऱ्हाड फिरत होतं आणि पाटी-पुस्तक बरोबर फिरत होतं. बाकीचे नवरे बायको शिकते म्हणून मारत, हे ती शिकत नाही म्हणून मारत. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात दिसली की उखडत. पुढे अमेरिकेहून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात तिने या सगळ्याची उजळणी केली आहे. दहाव्या वर्षी लाकडाचे मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, चौदाव्या वर्षी सोडून जायच्या धमक्या. आणि हे वागणं चांगलं म्हणावं की वाईट, हे ठरवणं अवघड आहे, अशा सुरात ती लिहिते. आक्रोश नाही की कृतज्ञतेचं सोंग नाही. विशीच्या आसपासची मुलगी हिशेबाची वही उघडून बसावी तसं ते पत्र आहे. मला विचाराल तर गोपाळरावांनी तिला जे काही शिकवलं त्याचा खरा निकाल तिथे लागला. त्यांनीच दिलेल्या अक्षरांनी तिने त्यांचंच माप काढलं.

मधल्या काळात, चौदाव्या वर्षी, तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. बायकांच्या दुखण्याला बाईच डॉक्टर हवी, हे तिच्या मनाने तिथे घेतलं.

त्याआधीच, १८७८ मध्ये, गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. ते त्यांच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई एकदा दाताच्या डॉक्टरकडे गेल्या, तिथे तो अंक त्यांच्या हाती लागला आणि ही मुलगी त्यांच्या मनात बसली. त्यांनी पत्र लिहिलं, हिने उत्तर दिलं आणि दोघींचं कायमचं जुळलं. ही त्यांना मावशी म्हणू लागली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीने इंग्रजीत भाषण केलं. मी अमेरिकेला का जाते, कुणालाही बरोबर न घेता का जाते, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदूच परत येईन. अठरावं वर्ष पुरं व्हायला महिना होता. ७ एप्रिलला ती कलकत्त्याहून जहाजात चढली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. नवरा बरोबर नव्हता. सगळा खेळ मांडणारा माणूस धक्क्यावर राहिला.

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात डीन रेचेल बॉडली यांनी तिला घेतलं. तिथला १८८५ सालचा एक फोटो प्रसिद्ध आहे: जपानची केई ओकामी, दमास्कसची साबात इस्लामबुली आणि बाजूला नऊवारीतली आपली मुलगी. पदवीसाठी तिने प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. ११ मार्च १८८६ रोजी ती एम. डी. झाली. इथून पुढे तिला ‘ती’ म्हणणं माझ्या जिभेवर येत नाही, ‘त्या’ म्हणायला हवं.

डॉक्टर आनंदीबाई जोशी. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूक ठरली होती. पण थंडीने, उपासमारीच्या जेवणाने आणि क्षयाने आधीच गाठलं होतं. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिना बाकी. पेशव्यांचा माधवराव ज्या रोगाने गेला त्याच रोगाने. कोल्हापूरच्या त्या वॉर्डात त्यांनी एकही दिवस काम केलं नाही. रक्षा मात्र पुन्हा समुद्र ओलांडून गेली. गोपाळरावांनी ती कार्पेंटरबाईंकडे पाठवली आणि बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीला आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवली. पुढच्याच वर्षी कॅरोलाइन डॉलबाईंनी बोस्टनला त्यांचं इंग्रजी चरित्र छापलं, मागून काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिलं. शुक्रावरच्या एका विवराला त्यांचं नाव दिलं आहे, तेही फक्त ‘जोशी’. तांदळात लिहिलेलं नाव तिकडे पोचलंच नाही, माहेर-सासरचं सामाईक आडनाव पोचलं.

पदवीदानाच्या त्या दिवसाकडे पुन्हा जायला हवं, कारण तिसऱ्या आनंदीची वाट तिथून फुटते. समारंभाला बॉडलीबाईंनी इंग्लंडहून पंडिता रमाबाईंना बोलावून घेतलं होतं. रमाबाई डॉक्टरांच्या लांबच्या नात्यातल्या. त्या आल्या काही दिवसांसाठी आणि राहिल्या दोन-अडीच वर्षं. अमेरिकाभर फिरून उच्चवर्णीय हिंदू विधवांची हकिगत सांगत राहिल्या. १८८७ मध्ये फिलाडेल्फियालाच त्यांचं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक निघालं. उपोद्घात बॉडलींचा, आणि आरंभी नुकत्याच वारलेल्या आनंदीबाईंचं चित्र. पुस्तकाच्या विक्रीने आणि व्याख्यानांनी पैसा जमला, बोस्टनला मंडळ स्थापन झालं, आणि त्या पैशावर मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी शारदासदन उघडलं. तारीख ११ मार्च १८८९. डॉक्टरांच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती.

शारदासदनात सुरुवातीला मुली दोनच होत्या. त्यांतली एक विधवा, गोदू.

देवरुखच्या बाळकृष्णपंत जोशींची ही मुलगी. आठव्या वर्षी नातूंच्या घरात दिली आणि तीन महिन्यांत नवरा गेला. नवरा कसा दिसतो हेही धड कळायच्या आत ती विधवा झाली. मोठी झाल्यावर केशवपन झालं. लाल आलवण, एकवेळचं जेवण आणि सासरच्या घरातलं न संपणारं काम, कोकणातल्या विधवेचा तो ठरलेला दिनक्रम होता. तिचा भाऊ नरहरपंत मुंबईत शिकत होता, धोंडो केशव कर्व्यांचा स्नेही, एका बिऱ्हाडात राहिलेला. त्याने बहिणीला मुंबईला आणलं आणि रमाबाईंच्या हवाली केलं. विशी ओलांडलेली बाई लहान मुलींच्या शेजारी बसून शिकू लागली. यमूच्या हातात पाटी मारून दिली होती. हिने ती उशिरा, पण आपण होऊन धरली.

१८९० मध्ये शारदासदन पुण्याला आलं. पुढच्या वर्षी कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली आणि त्याच वर्षाअखेर ते फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक म्हणून पुण्यात आले. मुलगा रघुनाथ दहा वर्षांचा. दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. बाळकृष्णपंत भेटले तेव्हा विषय निघाला, आणि मग आमचीच गोदू का नको, असं बापानेच विचारलं. त्या काळच्या कोकणस्थ बापाने हे बोलावं, याचं धैर्य आपण फार कमी मोजतो. कर्व्यांचं नाव रस्त्यांना आहे, पुतळ्यांना आहे. बाळकृष्णपंतांचं कुठे दिसत नाही.

लग्न पुण्यात लागलं. तारीख, पुन्हा एकदा, ११ मार्च. साल १८९३. तीन अकरा मार्चांची ही माळ कुणी मुद्दाम ओवली असेल असं मी म्हणत नाही. पण पंचांगात मुहूर्त बघणाऱ्या समाजात एवढा नेमका दिवस कुणाच्याच डोळ्यांत भरला नाही, याचं मला हसू येतं.

या लग्नात गोदूचं नाव आनंदी ठेवलं गेलं. पहिल्या लग्नाच्या वेळी तिला एक अक्षर येत नव्हतं. या वेळी नवं नाव तिला वाचता येत होतं.

नावातला आनंद लगेच कसाला लागला. कर्व्यांच्या मुरुडला गावकऱ्यांनी बहिष्कार घातला. घरच्यांनाही धाक बसला. पुण्यात बिऱ्हाड मिळणं, कामाला माणूस मिळणं, सगळंच कठीण. त्यातच अण्णांना, म्हणजे कर्व्यांना, विधवांच्या शिक्षणाचं वेड लागलं. १४ जून १८९६ रोजी अनाथबालिकाश्रम सुरू झाला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर गेला. कॉलेज सुटलं की अण्णा चिखलपाणी तुडवत तिकडे चालत जात. साठवलेले पैसे आश्रमाला, विम्याची पॉलिसी आश्रमाला. घरात बायको आणि वाढती मुलं.

घरात आणि पुढे बाहेरही सगळे आनंदीबाईंना ‘बाया’ म्हणत. बायांनी हे मुकाट सोसलं असं कुणी लिहिलं तर ते खोटं आहे. त्या भांडत. मुलांच्या तोंडचं काढून जगाला वाटण्याचा त्यांना राग यायचा आणि तो त्या बोलून दाखवत. हातात स्वतःची कमाईची विद्या असावी म्हणून नागपूरला जाऊन त्या सुईणकाम शिकल्या. आश्रमासाठी वर्गणी गोळा करायलाही त्याच हिंडल्या. आणि या सगळ्यात एक बोच होती. आश्रम विधवांचा, पालकांना भीती ही की पोरी तिथे गेल्या तर पुनर्विवाहाच्या नादी लागतील. म्हणून कर्व्यांनी आश्रम आणि पुनर्विवाह या दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या. परिणाम असा की, जिच्याशी लग्न करून कर्व्यांनी हा रस्ता धरला, तीच पुनर्विवाहित म्हणून आश्रमाच्या कामात नकोशी. तिथलं काम सांभाळलं ते बायांच्याच विधवा धाकट्या बहिणीने, पार्वतीबाई आठवल्यांनी. व्यवहार म्हणून अण्णांचं गणित बरोबर असेल. ते गणिताचे प्राध्यापक होतेच. पण हातच्यात कोण राहिलं, ते बायांना ठाऊक होतं.

तरीही बाया त्या माणसाबरोबर सत्तावन्न वर्षं राहिल्या, १९५० मध्ये गेल्या तेव्हा अण्णा नव्वदी ओलांडलेले. आठ वर्षांनी त्यांना शंभरीत भारतरत्न मिळालं.

कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ १९१५ मध्ये आलं. बायांनी आपलं पुस्तक १९४४ मध्ये काढलं. सून कावेरी कर्वे यांनी संपादन केलं. नवऱ्याने वृत्त लिहिलं, यांनी नाव दिलं ‘माझे पुराण’. पुराण लावणं म्हणजे काय, हे घरातल्या बायकांना बरोबर माहीत असतं. कुणी लांबण लावली की आपणच म्हणतो, पुरे कर तुझं पुराण. ते टोमण्याचं नावच त्यांनी उचलून मुखपृष्ठावर ठेवलं आणि आत भाबडेपणा न करता सगळं सांगितलं. नातूंकडचे दिवस, वपन, शारदासदन, अण्णांचा हेकटपणा, स्वतःचा हेकटपणा, पैशांची तंगी. भाषा कोकणी स्वयंपाकघरातली, हिशेब चोख. दुसऱ्या आनंदीने नवऱ्याला एका पत्रात जे लिहिलं, ते तिसरीने छापून सगळ्या गावाला वाचायला दिलं. आणि कुणाचाही नवरा त्या लेखणीने मेला नाही.

पुस्तकावर लेखिकेचं नाव आहे आनंदीबाई कर्वे. मागायला आलेल्यांना, भांडायला आलेल्यांना, नातवंडांना आणि हिंगण्याच्या पोरींना मात्र ते नाव आठवायचं कारणच पडत नसे. दारात उभं राहून ते हाक मारत ती बायांना. आजही हिंगण्याची संस्था त्यांच्या स्मरणार्थ पुरस्कार देते, त्याचं नाव बाया कर्वे पुरस्कार. माहेरचं नाव गोदू, तांदळातलं आनंदी. हे तिसरं नाव मात्र कुणी ताटात लिहून दिलेलं नव्हतं.